वादळ खान्देशात येते ते नाव टाकूनच

खान्देशाला समुद्र नाही. नंदुरबारपासून सुरतेकडचा किनारा सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून थोडा अधिक, रावेर-यावल त्याच्या दुपटीहून दूर, आणि बंगालच्या उपसागराचा आंध्रकिनारा तर आठ-नऊशे किलोमीटरवर. तरीही पितृपक्ष लागला की आमच्या ओळखीतल्या चार-दोन मंडळींचे लक्ष बाजारभावावरून उडून दोन्ही समुद्रांकडे लागते आणि कार्तिक संपेपर्यंत तिथेच राहते. यात भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले नाना आहेत, रावेरकडे केळी लावणारे आबा आहेत, साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करणारा एक तरुण आहे आणि जिनिंगमध्ये कापसाचा हिशेब पाहणारा मी आहे. हवामानशास्त्राची पदवी आमच्यापैकी कोणाकडेही नाही. छंद म्हणून सुरू झालेल्या या उद्योगाला प्रत्येकाच्या पोटापाण्याची किनार मात्र आहे, कारण नेमक्या याच दिवसांत कपाशीची पहिली वेचणी चालू असते, ज्वारी-सोयाबीन काढणीला आलेले असते, केळीच्या कांदेबागेची, म्हणजे या हंगामातल्या बागेची, लागवड सुरू होते आणि आधीच्या बागांतल्या निसवलेल्या केळीचे घड भरत असतात.

चक्रीवादळाची जी प्रतिमा वाहिन्यांवर दिसते, तशी ती खान्देशात कधीच येत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार सततच्या वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरवर गेला की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच तिला नाव मिळते. जमिनीवर आल्यावर समुद्राच्या उबदार पाण्यातून मिळणारी वाफ तुटते, वारा मंदावतो आणि आपल्यापर्यंत पोहोचेतो ती प्रणाली बहुधा नुसते कमी दाबाचे क्षेत्र उरलेली असते. बातम्यांतून तिचे नाव त्याच सुमारास नाहीसे होते आणि लोक निर्धास्त होतात. माझे म्हणणे असे आहे की खान्देशाने लक्ष द्यायची वेळ तिथूनच सुरू होते, कारण वारा सरला तरी त्या प्रणालीने समुद्रावरून उचललेले पाणी सरलेले नसते.

अरबी समुद्रातली शरद ऋतूतील वादळे बहुतेक वेळा आपल्याकडे पाठच करतात. उत्तरेकडे वरच्या थरात उच्च दाबाचा पट्टा असला की त्याच्या दक्षिण कडेने वाहणारे पूर्वेचे वारे वादळाला ओमान-येमेनकडे ढकलतात. 2015 चे 'चपला', 2018 चे 'लुबान' आणि 2023 चे 'तेज' ही तिन्ही अशीच येमेनच्या किनाऱ्याला लागली. परंतु पश्चिमी विक्षोभाची, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या प्रणालीची, द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) पुरेशी दक्षिणेपर्यंत उतरली, तर वादळ तिच्या ओढीने वळते आणि ईशान्येला गुजरात-महाराष्ट्राकडे यायला लागते. नोव्हेंबर 2009 मधले 'फयान' असे वळून 11 तारखेला अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. 2017 चे 'ओखी' श्रीलंका-कन्याकुमारीकडून निघून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरतेच्या दिशेने आले, पण किनारा गाठण्यापूर्वीच विरले. वाटेत थंड होत जाणारे पाणी, राजस्थान-सिंधकडून घुसणारी कोरडी हवा आणि वरच्या व खालच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगातली तफावत या तिघांपुढे आपल्या बाजूला वळलेले वादळ सहसा टिकत नाही. म्हणून अरबी समुद्रात काही शिजू लागले की आम्ही वादळाकडे नंतर पाहतो आणि पंजाब-राजस्थानवर द्रोणी किती खाली आली आहे हे आधी पाहतो.

2019 चे वर्ष याबाबतीत विसरण्यासारखे नाही. त्या वर्षी 27 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते आणि त्याच दिवशी 'क्यार' महाचक्रीवादळाच्या श्रेणीत पोहोचले. 2007 च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात ती श्रेणी गाठणारे हे पहिलेच वादळ. ते पश्चिमेकडे निघून गेले न गेले तोच पाठोपाठ 'महा' उठले, अतितीव्र झाले, वळले आणि 7 नोव्हेंबरच्या सुमारास गुजरातच्या किनाऱ्याजवळ येता येता ढेपाळले. दोन्ही वादळांचा वारा खान्देशात कोणालाही जाणवला नाही. पाऊस मात्र दिवाळीच्या आधीपासून लागला तो उघडेना, आणि महाराष्ट्रभर हातातोंडाशी आलेला खरीप गेला. राष्ट्रपती राजवट लागल्यानंतर राज्यपालांनी 16 नोव्हेंबरला खरीप पिकांसाठी हेक्टरी 8000 आणि फळबागांसाठी हेक्टरी 18000 रुपयांची मदत जाहीर केली, यावरून त्या पावसाची व्याप्ती ध्यानात यावी. कपाशीच्या झाडावर फुटलेले बोंड तीन-चार दिवस ओले राहिले की रुई पिवळट-काळपट पडते आणि आतल्या सरकीला जागेवरच कोंब येतो. असा कापूस हातात घेऊन मुठीत दाबला की तो पुन्हा फुलत नाही, तसाच गोळा होऊन राहतो; ओलावा मोजण्याचे यंत्र लावण्याआधीच हाताला कळते. खरेदीत आर्द्रता आठ टक्क्यांपर्यंत चालते, पुढे बारापर्यंत भाव कापून घेतात आणि त्यावर नाकारतात. स्वातीचा पाऊस पडला तर मोती पिकतात असे जुने लोक म्हणतात, ते हरभऱ्याच्या आणि रब्बी ज्वारीच्या बाबतीत खरेही आहे. परंतु ही म्हण रचली गेली तेव्हा शिवारात एवढी कपाशी नसावी.

बंगालच्या उपसागरातून येणारी प्रणाली हा याहून वेगळा आणि माझ्या मते खान्देशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रकार आहे. 'गुलाब' हे त्याचे उत्तम उदाहरण. हे वादळ 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी आंध्रच्या कलिंगपट्टणमच्या उत्तरेला जमिनीवर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 75 ते 85 किलोमीटर होता. वादळ म्हणून ते त्याच रात्री संपले. पुढे तेलंगण, विदर्भ-मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र असा प्रवास करत 29 तारखेला त्याचा अवशेष दक्षिण गुजरात आणि खंबातच्या आखातावर होता. तिथून तो समुद्रात उतरला, पुन्हा बळावला आणि 'शाहीन' असे नवे नाव घेऊन 3 ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकला. मधल्या काळात प्रणाली वादळाच्या पातळीखाली उतरली असल्याने नाव बदलले. पाकिस्तानने सुचवलेले नाव आंध्रात राहिले आणि कतारने सुचवलेले ओमानला लागले. या दोन नावांच्या मधल्या बिननावाच्या प्रवासात मराठवाड्यात मांजरा नदीला महापूर आला, हे लक्षात घेतले म्हणजे नावावरून धोका मोजण्याची सवय किती फसवी आहे ते दिसते.

जमिनीवर इतके अंतर चालून येऊनही 'गुलाब'चा अवशेष का टिकला, यावर नानांशी माझे बरेच बोलणे झाले. सप्टेंबर अखेरीस मोसमी पाऊस अजून परतलेला नसतो. त्या वर्षी तर राजस्थानातून त्याचा परतीचा प्रवास 6 ऑक्टोबरला सुरू झाला, जो सर्वसाधारणपणे 17 सप्टेंबरला सुरू होतो. खालची जमीन भिजून चिंब, तळी-धरणे भरलेली, आणि अरबी समुद्रावरून वाफ आत येत राहिलेली, अशा वाटेवर कमी दाबाच्या क्षेत्राला खायला मिळत राहते. हीच प्रणाली नोव्हेंबरच्या अखेरीस, कोरड्या जमिनीवरून आणि उत्तरेच्या थंड वाऱ्यांतून आली असती, तर अकोल्यापर्यंत पोहोचेतो तिचे नुसते ढग उरले असते. म्हणून आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ आले अशी बातमी वाचली की आमचा पहिला प्रश्न त्याच्या वेगाचा नसतो. मोसमी पाऊस अजून आपल्या डोक्यावर आहे की गेला, हा असतो.

त्या आठवड्यात खान्देश आधीच धास्तावलेला होता. महिनाही झाला नव्हता, 31 ऑगस्टला चाळीसगावने तितूर आणि डोंगरी या नद्यांचा पूर पाहिला होता आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. त्यामुळे फोन सतत वाजत होते आणि प्रश्न एकच होता, "भाऊ, पानी किती येईन?" किती मिलिमीटर, हे आमच्यासारख्यांनी सांगू नये असे माझे ठाम मत आहे. केव्हा येईल, कोणत्या बाजूने येईल आणि केव्हा सरेल, एवढे मात्र घरच्या साधनांवरही बऱ्यापैकी सांगता येते. ते कसे, ते थोडे विस्ताराने लिहितो.

पहिले साधन म्हणजे हवेचा दाब. अनेक मोबाइलमध्ये दाबमापक असतो, पण त्याचा आकडा पाहून नवखा माणूस हमखास घाबरतो. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने तिथला प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीच्या आकड्याहून बावीस-तेवीस हेक्टोपास्कलने (हे दाब मोजण्याचे एकक) कमीच दिसतो. तीन मजली इमारतीच्या गच्चीवर गेले तरी एका हेक्टोपास्कलचा फरक पडतो. दुसरे असे की आपल्या अक्षांशांत दाबाला रोजची भरती-ओहोटी आहे. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो. दहा ते चार या वेळेत तीन-चार हेक्टोपास्कलची घट निरभ्र दिवशीही होते. म्हणून आजच्या दुपारची तुलना आजच्या सकाळशी न करता कालच्या दुपारशी करायची. नानांच्या वहीत चारच रकाने आहेत, चार वेळांचे, आणि प्रत्येक आकड्याखाली आदल्या दिवशीच्या त्याच वेळेपासूनचा फरक लाल शाईने लिहिलेला असतो. तो लाल आकडा उणे एक-दीडवरून उणे तीन-चारकडे सरकू लागला, तरच कमी दाबाचे क्षेत्र खरोखर आपल्याकडे येत आहे असे मानायचे. उपग्रहाच्या चित्रात ढग कितीही दाट दिसोत, लाल आकडा हलला नाही तर नाना चहा मागवतात आणि विषय बदलतात.

दुसरे साधन वाऱ्याची दिशा. बाईज बॅलट या डच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सांगितलेला नियम उत्तर गोलार्धात कुठेही चालतो: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, डावा हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला कमी दाब आहे. पूर्वेकडून येणारा अवशेष विदर्भात असताना आपल्याकडे वारा उत्तरेचा असतो. तो आपल्या दक्षिणेकडून, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरांपलीकडून सरकत गेला तर वारा उत्तरेवरून पूर्वेला आणि मग दक्षिणेला फिरतो. सातपुड्याच्या बाजूने गेला तर उत्तरेवरून पश्चिमेला आणि मग दक्षिणेला. म्हणजे वारा कोणत्या अंगाने फिरला एवढे नोंदवले तरी केंद्र कोणत्या बाजूने गेले ते घरबसल्या कळते. तापीच्या खोऱ्यात एक अडचण अशी की उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला डोंगररांग असल्याने खालचा वारा पूर्व-पश्चिम असाच वाहू पाहतो, त्यामुळे गावातल्या झेंड्यावर किंवा धुरावर विसंबून चालत नाही.

इथे साक्रीच्या पठाराचा उपयोग होतो. ब्राह्मणवेल परिसरातल्या पवनचक्क्या उंच पठारावर आहेत आणि त्यांची पाती जमिनीपासून बरीच वर असतात. पवनचक्कीचे डोके वाऱ्याकडे तोंड करून आपोआप फिरते. पावसाळाभर ती सारी तोंडे पश्चिम-नैर्ऋत्येला असतात. ऑक्टोबर लागला की वारा पडतो आणि पाती दिवसदिवस निवांत उभी राहतात, हे देखभालीच्या कामाचे दिवस. अशा निवांत दिवसांत आमच्या तरुण मित्राचा निरोप येतो, "भाऊ, पंख्यांनी तोंडं फिरवली, सगळे पूर्वेला बघताहेत." विंडी या हवामानाच्या ॲपवरच्या रंगीत रेषांपेक्षा मला हा निरोप अधिक मोलाचा वाटतो, कारण तो अंदाज वर्तवणाऱ्या संगणकी मॉडेलने काढलेला नसतो, प्रत्यक्ष वाऱ्याने दिलेला असतो.

मॉडेलांविषयी थोडक्यात. युरोपीय मॉडेल आणि अमेरिकेचे जीएफएस ही दोन्ही आता कोणालाही मोबाइलवर फुकट पाहता येतात, आणि दहा दिवसांनंतरचे लाल-जांभळे वादळ मुंबईवर किंवा सुरतेवर बसलेले दाखवणारी चित्रे दर ऑक्टोबरात फिरतात. जी प्रणाली अजून जन्मलेलीच नाही, तिचा दहाव्या दिवशीचा मुक्काम सांगणारे चित्र कोणी पाठवले तर आम्ही ते पुढे पाठवत नाही. हवामान विभागाच्या नकाशावरचा फुगत जाणारा शंकूही लोक चुकीचा वाचतात: वादळाचे केंद्र कुठे कुठे असू शकेल त्याची ती मर्यादा असते, नुकसान होणाऱ्या प्रदेशाची नव्हे. शंकूच्या बाहेर असलेल्या गावातही पाऊस झोडपू शकतो आणि आपण बहुधा शंकूच्या बाहेरच असतो. रडारची अडचण आणखी निराळी. मुंबई, नागपूर आणि भोपाळ या तिन्ही ठिकाणांहून जळगाव तीनशे किलोमीटरहून दूर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारचा सर्वांत खालचा किरणही अडीचशे किलोमीटरवर जवळपास सहा किलोमीटर उंचीवरून जातो. उंच गडगडाटी ढगांचे माथे त्यात सापडतात, पण अवशेषासोबत येणारा खालच्या ढगांचा संततधार पाऊस त्याच्या खालून निसटतो. तेव्हा रडारवर काही दिसत नाही, म्हणून पाऊस नाही, असे म्हणण्यात अर्थ नसतो.

आता आबांचा प्रश्न, जो दरवर्षी एकच असतो: केळी पडतीन का? केळीचे खोड म्हणजे खरे लाकूड नव्हेच, ते पानांच्या देठांचे एकात एक गुंडाळलेले वेटोळे; वर वीस-पंचवीस किलोचा घड लटकलेला असला की जोराच्या एका झोतात ते कमरेतून मोडते किंवा मुळासकट उपटते. पण मोडणारा तो झोत सहसा चक्रीवादळाच्या अवशेषाचा नसतो. अवशेषाचा वारा लांब पल्ल्याचा, एकसारखा आणि बेताचा असतो. बागा झोपवतो तो स्थानिक गडगडाटी ढगातून खाली कोसळणारा थंड हवेचा लोंढा, जो मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर अचानक सुटतो, एका शिवाराला आडवे करतो आणि दोन किलोमीटरवरच्या शिवारात पानही हलवत नाही. अशा लोंढ्याची आगाऊ सूचना दोन दिवस आधी कोणीही देऊ शकत नाही. त्यासाठी त्या दिवशीची सकाळची उमस, दुपारी सातपुड्यावर चढणारे ढग आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी ॲप, जे विजा कुठे पडत आहेत ते दाखवते, यांवरच भिस्त ठेवावी लागते. अवशेषाचा धोका केळीला वेगळ्या वाटेने असतो: दोन दिवसांच्या पावसाने जमीन पिचपिचीत होते, मुळांची पकड सुटते, आणि मग एरवी सहज सोसला असता असा वाराही झाड पाडतो. म्हणून आबा बागेच्या कडेने शेवरी लावतात, निसवलेल्या झाडांना पट्टीने एकमेकांशी बांधून घेतात आणि पाऊस येण्याआधी चर मोकळे करतात. शेवटचे काम दिसायला किरकोळ, पण माझ्या पाहण्यात तेच सर्वांत उपयोगाचे ठरते.

कपाशीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. हवामान विभागाचा नारंगी इशारा म्हणजे तयारीत राहा. आपल्या जिल्ह्याला नारंगी लागला आणि नानांचा लाल आकडा त्याला दुजोरा देत असला, तर फुटलेले बोंड त्याच दिवशी वेचून घरात आणावे, मजुरी दोन रुपये जास्त गेली तरी चालेल. आणि ओलसर कापूस कोरड्या ढिगात मिसळू नये, कारण मग साराच ढीग नाकारला जातो.

सर्वांत कमी बोलले जाते ते तापीविषयी. मुलताईपासून सुरतेपर्यंत 724 किलोमीटर वाहणारी ही नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते, आणि बंगालच्या उपसागरातून आलेला अवशेषही पूर्वेकडून पश्चिमेकडेच सरकतो. म्हणजे पाऊस आणि पुराचा लोंढा एकाच दिशेने, कधी कधी एकाच चालीने प्रवास करतात: अकोला-बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात पडलेले पाणी चांगदेवला तापीत येऊन हतनूर धरणाला पोहोचते, तेव्हा पाऊसही तिथे येऊन ठेपलेला असू शकतो. ऑगस्ट 1968 आणि ऑगस्ट 2006 मधल्या सुरतेच्या महापुरांमागे तापीच्या खोऱ्यावरून पश्चिमेकडे सरकलेल्या अशाच प्रणाली होत्या. सप्टेंबर अखेरीस धरणे आधीच भरलेली असल्याने साठवायला जागा नसते आणि हतनूरच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले, यावर पुढची सारी गणिते ठरतात. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशा खालच्या बॅरेजांवर ते पाणी पोहोचेपर्यंत अवशेष गुजरातेत गेलेला असतो, धुळे-नंदुरबारकडे ऊन पडलेले असते आणि इशाऱ्याचा रंगही हिरव्यावर आलेला असतो. नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी वाहून जातात त्या अशाच उघडिपीच्या दिवशी. त्यामुळे दाब पुन्हा चढू लागला तरी आमचे काम संपत नाही. हतनूरचा विसर्ग उतरेपर्यंत तापीकाठच्या ओळखीच्या शेतकऱ्यांना मोटारी आणि पाइप वर काढून ठेवायला सांगणारे फोन चालूच राहतात.